ड्रोनच्या पात्यांची निगा: नागपूरच्या ऊन-धुळीत नव्याने उडवणाऱ्यांसाठी

ड्रोनमधला सगळ्यात स्वस्त भाग म्हणजे त्याचे प्रॉपेलर, म्हणजे मोटरींवर फिरणारे पात्यांचे पंखे, आणि ड्रोन हवेत राहतो तो निव्वळ त्यांच्या जोरावर. बॅटरीला आपण जपतो, कॅमेऱ्याच्या काचेला बोट लागू देत नाही, रिमोटला कव्हर घालतो. प्रॉपेलर मात्र बॅगेच्या कुठल्या तरी कप्प्यात चार्जरच्या वायरीखाली दबून पडलेले असतात. चार मोटरींच्या छोट्या ड्रोनचं एक पातं हवेत मुळाशी तुटलं, तर बहुतेक ड्रोन स्वतःला सावरू शकत नाहीत. गरगरत खाली येतात, आणि खाली कोणीही उभं असू शकतं.

नवीन ड्रोन घेतलेले, लग्नाच्या शूटिंगला नुकतेच लागलेले, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सुटे भाग आणून ड्रोन जोडणारे, शेतावरून फोटो काढू पाहणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. लिहिताना डोळ्यासमोर नागपूर आहे. इथलं ऊन, इथली धूळ आणि जानेवारीतला मांजा यांच्याबद्दल ड्रोनसोबत येणाऱ्या पुस्तिकेत फारसं काही नसतं, आणि आपल्याकडे पाती खराब होतात ती याच तिघांमुळे.

एवढ्याशा चिरेने काय होतं?

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो, म्हणून आधी हिशोब करू. घडीच्या छोट्या कॅमेरा ड्रोनचा प्रॉपेलर मिनिटाला १०,००० फेऱ्या घेतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला जवळपास १६७ फेऱ्या. एका पात्याच्या टोकाकडे, मध्यापासून ५ सेंटिमीटरवर, फक्त ०.१ ग्रॅमचा फरक पडला, म्हणजे तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा, तर त्या वेगाला मोटरच्या दांड्यावर साधारण साडेपाच न्यूटनची ओढ येते. सोप्या भाषेत, अर्ध्या किलोहून थोडी जास्त. ड्रोन स्वतः २५० ग्रॅमचा असेल तर त्याच्या दुप्पट वजनाची ओढ सेकंदाला १६७ वेळा गोल फिरत मोटरच्या बेअरिंगला हिसके देत राहते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. कपची गेलेलं पातं, टोकाला चिकटलेला चिखल, एका बाजूला लावलेली चिकटपट्टी, सगळ्यांचा परिणाम एकच. आधी व्हिडिओ थरथरतो, मग मोटर तापू लागते, बेअरिंग झिजतं, आणि ज्या मुळाशी सगळा ताण साठतो तिथे तडा जातो.

दुसरा आकडा हाताच्या बोटांसाठी. रेसिंगच्या ड्रोनचा पाच इंची प्रॉपेलर मिनिटाला २५,००० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ६०० किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणून सगळ्या निगेच्या आधीचा नियम हा: घरात, टेबलावर, वर्कशॉपमध्ये ड्रोन चालू करायचा असेल तर प्रॉपेलर काढूनच. सॉफ्टवेअर अपडेट असो, मोटरची दिशा तपासणं असो की रिमोट जोडणं असो. घरात लहान मूल असेल तर यात एकदाही सवलत नको.

पातं ओळखणं आणि बसवणं

प्रॉपेलरवर ५०४५ किंवा ५१×४.३×३ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा व्यासाचा: ५० म्हणजे ५.० इंच, ५१ म्हणजे ५.१ इंच. दुसरा पिचचा, म्हणजे एका फेरीत पातं हिशोबाने किती इंच पुढे सरकेल त्याचा. शेवटचा ३ म्हणजे पाती तीन. स्पेअर घेताना हे आकडे जुळलेच पाहिजेत. दिसायला सारखा, पण पिच वेगळा असलेला प्रॉपेलर एका मोटरवर बसला तर ड्रोन सतत एका बाजूला झुकतो आणि ती मोटर जास्त तापते. घडीच्या कॅमेरा ड्रोनला कंपनीने त्याच मॉडेलसाठी सांगितलेलीच पाती लावा.

चार मोटरींपैकी दोन घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलट. तिरक्या समोरासमोरच्या दोघींची दिशा एक, शेजारणीची वेगळी. त्यामुळे प्रॉपेलरही दोन जातीचे असतात. घडीच्या ड्रोनमध्ये काही पात्यांवर खूण असते आणि तीच खूण मोटर ज्या दांडीवर बसते तिच्यावर किंवा मोटरवर असते. खुणेचं खुणेला, बिनखुणेचं बिनखुणेला. खूण नसेल तर पातं हातात घेऊन बघा. त्याची एक कड जाड, गोलसर आणि वर उचललेली असते, दुसरी पातळ आणि खाली उतरलेली. मोटर ज्या दिशेने फिरते त्या दिशेला जाड कड पुढे हवी. आकडे छापलेली बाजू आकाशाकडे. प्रॉपेलर उलटसुलट बसले तर ड्रोन उठण्याऐवजी जागच्या जागी पालथा होतो आणि पहिल्याच उड्डाणात पाती जातात.

घट्ट किती करायचं, हे रेसिंगच्या आणि कॅमेऱ्याच्या ड्रोनमध्ये वेगळं आहे. पाच इंची रेसिंग ड्रोनला ५ मिलिमीटरच्या दांड्यावर नट येतो आणि तो ८ च्या पान्याने कसतात. नटच्या आत नायलॉनचं कडं असतं, ते नटला सैल होऊ देत नाही. नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरू लागला तर ते कडं संपलं. नट बदला, दहा-वीस रुपयांसाठी ड्रोन घालवू नका. कसताना मोटर हाताने धरा, पातं धरून पिरगाळू नका.

घडीच्या छोट्या ड्रोनमध्ये पातं बारीक स्क्रूने बसतं. नव्या पात्यांच्या पाकिटात नवे स्क्रू दिले असतील तर तेच वापरा, कारण त्यांच्या आट्यांवर सैल होऊ न देणारा थर आधीच लावलेला असतो. एकदा काढलेल्या स्क्रूवरचा तो थर गेलेला असतो. इथे बरेच जण दुकानातून थ्रेडलॉकची, म्हणजे आटे पक्के चिकटवणाऱ्या द्रवाची, बाटली आणून दोन थेंब टाकतात. ते टाळा. द्रव थ्रेडलॉक पॉलिकार्बोनेट आणि एबीएस प्लास्टिकला चिरा पाडतं. वरून काही दिसत नाही, आणि तडा जातो तो नेमका स्क्रूच्या भोकाभोवती. स्क्रू कसल्यावर घडीचं पातं आडवं मोकळेपणाने फिरलं पाहिजे, पण वर-खाली डुगडुगता कामा नये.

तपासणी: नजर, नख, कान

उडवण्याआधी आणि उतरल्यावर पाती बघायची, दोन्ही वेळा. उतरल्यावर बघायला लोक कंटाळतात, पण नुकसान उडताना झालेलं असतं आणि तेव्हाच ते ताजं दिसतं.

बॅटरी काढा. एका हाताने मोटर धरून पातं उजेडासमोर तिरपं धरा. खिडकीतला सकाळचा उजेड किंवा मोबाइलचा टॉर्च चालतो. मुळापासून टोकापर्यंत नजर फिरवा. पॉलिकार्बोनेटच्या पात्याला दुमड बसली असेल तर तिथे पांढुरकी रेघ दिसते. पारदर्शक पात्यात ती दुधाळ डागासारखी असते, गडद पात्यात केसाएवढी करडी. टोकाकडच्या अशा रेघेने ड्रोन नुसता थरथरेल. मुळाशी, जिथे पातं मधल्या गोलाला मिळतं तिथे, अशी एकही रेघ दिसली की तो प्रॉपेलर गेला. त्यावर चर्चा नाही.

मग नख. अंगठ्याचं नख पुढच्या जाड कडेवरून हलकेच सरकवा. चांगल्या कडेवर ते न अडकता जातं. कपची असेल तिथे नख टचकन थांबतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खाचा अशा सापडतात. शेतावर उडवणाऱ्यांनी हे चुकवू नये. धुऱ्यावरून ड्रोन उतरवताना पऱ्हाटीची किंवा तुरीची वाळकी काडी पात्याला नुसती चाटून गेली तरी कडेला खाच पडते, आणि ड्रोन व्यवस्थित उतरलेला असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. कार्बन फायबरच्या पात्यावर मात्र नख किंवा बोट सरकवू नका; तिथे सुटलेले बारीक तंतू कातडीत घुसतात. ते कापडाने पुसून बघा, कापडाचा धागा जिथे अडकेल तिथे खोट.

वाकलेलं पातं ओळखायची एक साधी रीत आहे. काढलेलं पातं त्याच जातीच्या नव्या पात्यावर तंतोतंत ठेवा आणि कडेने बघा. दोन्हींचा पीळ सारखा असेल तर फट दिसत नाही. एखाद्या ठिकाणी उजेड आरपार दिसला तर पातं वळलं आहे. वळलेलं पातं गरम पाण्यात धरून किंवा हाताने दाबून सरळ करायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. दिसायला सरळ झालं तरी मूळचा पीळ परत येत नाही आणि जिथे दोनदा वाकवलं तिथे ते कच्चं होतं.

शेवटी कान. ड्रोन डोक्याएवढ्या उंचीवर, स्वतःपासून चार-पाच मीटर लांब, अर्धा मिनिट स्थिर ठेवा. चारही प्रॉपेलर चांगले असतील तर एकसुरी आवाज येतो. त्यात घरघर, शिट्टी किंवा चढ-उतार ऐकू आला तर उतरवा. उतरल्यावर बॅटरी काढून चारही मोटरींना बोट लावा. तीन कोमट आणि एक चटका देणारी असेल, तर आधी त्या मोटरीचा प्रॉपेलर बदलून बघा, मग मोटरीवर शंका घ्या.

ही चाचणी कुठे करायची तेही सांगतो, कारण नागपुरात हा प्रश्न खरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराला लागूनच सोनेगावला आहे, आणि हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालयही याच शहरात आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक असते. सीताबर्डी, अंबाझरी, फुटाळा ही तर त्याच्याही आतली ठिकाणं. तलावाकाठी संध्याकाळी कितीही छान दिसलं तरी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन पिशवीतून काढू नका. गर्दीवरून तर कधीच नाही. पातं तुटेल तेव्हा ते तुम्हाला विचारून तुटणार नाही.

पात्यांना प्लास्टिकचे गार्ड लावायचा विचार असेल तर वजनाकडे लक्ष द्या. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात मोडतो. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला गार्ड लावले की तो २५० च्या वर जातो आणि मायक्रो वर्गाचे नियम लागू होतात. शिकताना गार्ड चांगलेच, फक्त हे माहीत असू द्या.

नागपूरचं ऊन

या भागावर जरा थांबतो, कारण इथे सगळ्यात जास्त पाती फुकट जातात.

बहुतेक छोट्या कॅमेरा ड्रोनच्या पुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात नागपुरात कित्येक दिवशी दुपार व्हायच्या आधीच पारा तिथे पोचतो आणि मग ४५ कडे सरकतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू, आणि नेमके त्याच दिवसांत लग्नाचे मुहूर्तही असतात. वरात दुपारची असेल तर घरच्यांना आधीच सांगा की ड्रोनचं शूटिंग सकाळी आठपर्यंत किंवा सूर्य उतरल्यावर. "काका, दुपारी उडवला तर ड्रोनही जाईल आणि कोणाच्या डोक्यावरही पडेल" असं समजावून सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात.

गरम हवेचा पात्यांवर थेट परिणाम होतो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा नऊ-दहा टक्के विरळ असते. तेवढंच वजन उचलायला पात्यांना सुमारे पाच टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे हवा मुळातच किंचित विरळ. म्हणजे जानेवारीच्या सकाळी ज्या जुन्या पात्यावर ड्रोन निवांत उडत होता, तेच पातं मे महिन्यात जास्त ताणाखाली, जास्त तापलेलं आणि जास्त वेगाने फिरत असतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्च संपता संपता, पात्यांचा नवा संच लावून टाका. जुने निर्दोष असतील तर ते हिवाळ्यासाठी ठेवा.

पण उडताना होतं त्यापेक्षा जास्त नुकसान ठेवताना होतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान ७० अंशांच्या वर जातं. पॉलिकार्बोनेट त्याला वितळत नाही, ते १४७ अंशांच्या आसपास मऊ पडतं. म्हणूनच लोक फसतात. पातं वितळत नाही, पण तापलेलं असताना त्याच्यावर दाब असेल तर ते तासा-दोन तासांत हळूहळू वळतं आणि थंड झाल्यावर तसंच राहतं. बॅगेत वरून बॅटरीचा डबा, खालून रिमोट आणि मध्ये प्रॉपेलर, अशी बॅग गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलीत तर संध्याकाळी पीळ बदललेला असतो, आणि नुसत्या नजरेला तो कळत नाही.

स्कूटीची डिक्की त्याहून वाईट. वरून सीटवर ऊन आणि खालून इंजिनाची धग. वर्धा रोडने बुटीबोरीकडे किंवा काटोल रोडने संत्र्याच्या बागांकडे जायचं असेल तर ड्रोन पाठीवरच्या बॅगेत घ्या, डिक्कीत नको. घरी टिनाच्या छताखालची खोली, माळा, गच्चीवरची पेटी, पश्चिमेच्या खिडकीतलं कपाट, यातली एकही जागा उन्हाळ्यात चालत नाही. शिवाय ऊन अंगावर पडत राहिलं तर पारदर्शक पाती पिवळट होतात आणि ठिसूळ बनतात. पिवळी पडलेली पाती फेकायचीच.

धूळ, माती आणि साफसफाई

उडवण्याची जागा निवडली तर निम्मी साफसफाई वाचते. मोकळ्या मातीवरून ड्रोन उचलला की पाती स्वतःच खडे वर ओढतात आणि त्यांच्यावरच आपटून घेतात. घडीचं लँडिंग पॅड नसेल तर दोन-अडीच फुटांचा प्लायवुडचा तुकडा पुरेसा आहे. सतरंजी किंवा पोतं नको. ते हवेने उचललं जातं आणि पात्यात गुंततं. उंच गवतातून तर मुळीच उडवू नये.

उन्हाळ्यातली कोरडी धूळ मऊ कुंचल्याने झटकली की निघते. पावसाळ्यातली काळी माती चिकट असते आणि पात्याच्या खालच्या बाजूला बसते. ती वाळू द्या, मग झटका. नखाने किंवा सुरीने खरवडू नका. राहिलेला डाग, चिरडलेले किडे, गवताचा हिरवा रस यासाठी सुती कापड कोमट पाण्यात पिळून घ्या, फार तर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. मुळाकडून टोकाकडे पुसत जा. उलट पुसलं तर कापड कडेत अडकतं आणि पातं दुमडतं. मग साध्या पाण्याच्या फडक्याने एकदा, आणि सावलीत वाळवा.

पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रावण यांचा स्पर्शही नको, प्लास्टिकला चिरा पडतात. डासांपासून वाचवणारं मलम हाताला लावलं असेल तर आधी हात धुवा. त्यातलं डीट हे रसायन काही जातींच्या प्लास्टिकला खातं. तलावाकाठी संध्याकाळी उडवणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही.

प्रॉपेलर काढलेलेच आहेत तर मोटरही बघून घ्या. बोटाने हळू फिरवा. गुळगुळीत फिरली तर ठीक. आत करकर जाणवली तर माती किंवा लोखंडाचा कण चुंबकाला चिकटला आहे. कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा दाबून हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी असतं आणि तिचा जोर माती बेअरिंगमध्ये ढकलतो.

ठेवायचे कसे

एक चपटा, झाकणाचा, टणक डबा घ्या. आत पातळ फोम. प्रॉपेलर आडवे, एकमेकांवर भार न येता ठेवा. एका मोटरीवरची घडीची दोन पाती म्हणजे एक जोडी. ती एका छोट्या पाकिटात एकत्रच राहू द्या आणि पाकिटावर दिशा आणि बसवल्याची तारीख लिहा. नवे, वापरलेले आणि संशयाचे असे तीन कप्पे वेगळे. संशयाचे नव्यांत मिसळले की ऐन कार्यक्रमाच्या घाईत नेमके तेच हातात येतात, हे ध्यानात असू द्या. डबा बेडरूमच्या आतल्या कपाटात, जमिनीपासून वर, मुलांच्या हाताबाहेर.

कपाटात डांबरगोळ्या असतील तर दुसरं कपाट बघा. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं. आणि कूलरच्या झोतात काही ठेवू नका. आपल्याकडे मार्च ते जून घरोघरी कूलर चालतो, त्याच्या हवेत पाण्याचे बारीक थेंब आणि क्षार असतात. नायलॉनची पाती ओल शोषतात आणि लवचिक होतात. लाकडी प्रॉपेलर तर ओलीने वाकतो. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. पावसाळा सुरू झाला की त्या बदला.

घडीचा ड्रोन बॅगेत ठेवताना पाती कंपनीने सांगितलेल्या क्रमाने घडी करा आणि सोबत आलेला पट्टा लावा. पट्टा लावताना पातं दाबून वाकत असेल तर पट्टा चुकीच्या जागी आहे. रबर बँडने घट्ट बांधणं वाईट, महिनाभर तसं राहिलं तर पातं कायमचं वाकतं. रेसिंगच्या ड्रोनचे प्रॉपेलर लांबच्या प्रवासात काढूनच न्या.

संक्रांतीचे दिवस

जानेवारीत महाल, इतवारी, सक्करदरा या भागांत आकाश पतंगांनी भरतं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर आणि तारांवर लटकलेला सापडतोच, संक्रांतीनंतर कित्येक आठवडे. हवेत तो दिसत नाही. या दिवसांत वस्तीत ड्रोन काढू नका, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

मोकळ्या जागीही मांजा गुंतला आणि ड्रोन खाली आला, तर आधी बॅटरी काढा. दोरा ओढू नका. ओढला की तो बोट कापतो आणि दांड्याभोवती आणखी आवळतो. प्रॉपेलर उतरवा, मोटर उलट फिरवत दोरा सोडवा. नायलॉनचा दोरा घर्षणाने वितळून मोटरच्या घंटीखालच्या, म्हणजे बाहेरच्या फिरणाऱ्या टोपीखालच्या, फटीत चिकटलेला असू शकतो. भिंगाने बघा, चिमट्याने काढा. मोटर हाताने पूर्ण मोकळी फिरेपर्यंत परत उडवू नका, आणि त्या मोटरीचा प्रॉपेलर बदला, त्यावर ओरखडा दिसो न दिसो.

बदलायचे कधी, टाकायचे कसे

मुळाशी रेघ, कडेला कपची, वळलेला पीळ, पिवळटपणा, भोक मोठं होऊन आलेली डुगडुग, किंवा कशावर तरी आपटलेला ड्रोन. यातलं एक कारण पुरेसं आहे. घडीच्या ड्रोनमध्ये एका मोटरीवरचं एक पातं गेलं तर दोन्ही बदलायची. एक नवं आणि एक झिजलेलं असलं की वजनात फरक पडतोच, आणि वरचा हिशोब तुम्ही बघितला आहे. बर्डीतल्या दुकानात कोणी म्हणालं, "भाऊ, एकच घ्या ना, दुसरं तर चांगलंच आहे," तरी जोडीच घ्या. शक्यतो चारही मोटरींचा एक संच घरात जादा असू द्या.

प्रॉपेलर घासून, चिकटपट्टी लावून समतोल करायची पद्धत मोठ्या आणि रेसिंगच्या ड्रोनमध्ये चालते. त्यासाठी चुंबकाचा बॅलन्सर मिळतो, जड पात्याची वरची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासतात. घडीच्या छोट्या पात्यांवर हे प्रयोग करू नका. आणि कार्बन फायबर कधीही घासू नका. त्याची पूड फुप्फुसाला वाईट, शिवाय तिच्यातून वीज वाहते आणि सर्किटवर पडली तर शॉर्ट होतं.

टाकताना पातं अखंड टाकू नका. पोरं ते उचलून भिरकावतात, किंवा कोणी स्वस्तात विकायला ठेवतं. चष्मा लावून, पक्कडीने प्रत्येक पातं मधोमध कापा, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या ड्रोनवर चढणार नाही. तुकडे जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून सुक्या कचऱ्यात द्या. उघडे टाकले तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला टोचतात.